काचबिंदू: दिसतंय तोवरच डोळे दाखवून या

पुढचं वाचण्याआधी एक मिनिट काढा. दोन्ही हात समोर ताठ धरा, मुठी मिटलेल्या, अंगठे वर आणि एकमेकांना चिकटलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. नजर डाव्या नखावरून हलवायची नाही. दोन अंगठ्यांत वीतभराहून थोडं कमी अंतर पडलं की उजव्या अंगठ्याचं टोक नाहीसं होतं. आणखी सरकवलं की परत दिसतं. पहिल्यांदा जमलं नाही तर अंगठा किंचित खाली घेऊन पाहा.

टोक गेलं तेव्हा त्या जागी काळं भोक दिसलं का? नाही. मागे भिंत असेल तर भिंतच दिसत राहिली. डोळ्याच्या पडद्यातून नस जिथे बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे प्रत्येक निरोगी डोळ्यात एवढी जागा आंधळीच असते. आपल्याला ती जन्मभर कळत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ती भरून काढतो आणि एरवी दुसरा डोळाही सांभाळून घेतो.

काचबिंदूत अशाच आंधळ्या जागा तयार होतात आणि वाढत जातात. मेंदू त्याही भरत राहतो. चित्रांत दाखवतात तसा काळा बोगदा बहुतेकांना दिसत नसतो. कडेने येणारी सायकल अचानक समोर उभी राहते, एवढंच. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून वाचता येतं, चेहरे ओळखता येतात, आणि माणूस म्हणतो, ‘माझे डोळे उत्तम आहेत.’ हा लेख अशा उत्तम डोळ्यांच्या माणसांसाठी आहे.

आधी एक गोंधळ मिटवू

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं जुळी वाटतात, आणि त्या साम्यापायी अनेकांची नजर गेली आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की पुन्हा दिसू लागतं. त्यामुळे ‘पिकू दे, मग बघू’ हे तिथे एक वेळ चालून गेलं. काचबिंदू हा भिंगाचा आजार नाही, नसेचा आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी ही नस म्हणजे सुमारे १० ते १२ लाख बारीक तंतूंची जुडी. त्यातला मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आज तरी कोणाकडे नाही. उरलेले वाचवता येतात.

माझ्या आत्याने हाच गोंधळ केला. मोतीबिंदूच असणार, सवडीने करू, असं तिने धरून ठेवलं. सुईत दोरा ओवता येत होता. फक्त डाव्या खांद्याला दाराची चौकट लागायची आणि जिना उतरताना पाय चाचपडायचा. वय झालं म्हणून आम्ही सगळ्यांनीच ते सोडून दिलं. तपासणी झाली तेव्हा डाव्या डोळ्याची नस जवळजवळ सुकली होती. दुखलं काहीच नव्हतं. ते न दुखणंच मला आजही सर्वांत भीतीदायक वाटतं.

आत नेमकं काय बिघडतं

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत, अश्रू बाहेरचे. हे आतलं पाणी बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाचा रंगीत भाग आणि त्यावरचं पारदर्शक पारपटल जिथे भेटतात, त्या कोपऱ्यातल्या (यालाच कोन म्हणतात) बारीक जाळीतून निचरून जातं. मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर तयार होतं, तेवढंच बाहेर पडतं, आणि दीड-दोन तासांत सगळं पाणी बदललेलं असतं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं, तसंच इथे होतं. मात्र डोळा बंद गोळा असल्याने पाणी सांडत नाही, आतला दाब वाढतो. त्या दाबाचा भार नस जिथून बाहेर पडते त्या नाजूक जागेवर येतो आणि तंतू एकेक करून मरू लागतात.

जाळी वर्षानुवर्षं हळूहळू निकामी होते तो उघड्या कोनाचा काचबिंदू. मुका असतो तो हाच. दुसऱ्या प्रकारात जाळी ठीक असते, पण बुबुळच पुढे सरकून तिच्यावर झाकणासारखं बसतं. तो बंद कोनाचा. तोही अनेकदा गुपचूप वाढतो, पण कधी एकाएकी झाकण घट्ट बसतं आणि दाब काही तासांत प्रचंड वाढतो. डोळा लाल होतो, असह्य ठणकतो, धुरकट दिसतं, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, डोकं फुटेल असं वाटतं, उलट्या होतात. घरचे म्हणतात, पित्त झालंय. अशा वेळी पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. उलटी आणि डोकेदुखीसोबत एक डोळा लाल आणि धुरकट असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डोळ्यांची तातडीची सेवा असलेलं रुग्णालय गाठा. इथे तासांचा हिशोब असतो.

याशिवाय डोळ्याला मार लागल्याने, फार वाढलेल्या मधुमेहात, किंवा स्टेरॉइडमुळेही काचबिंदू होतो. तान्ह्या बाळालाही होतो. बाळाच्या डोळ्यांतून सतत पाणी येतं, उजेड सोसत नाही, बुबुळ मोठं किंवा निळसर-धुरकट दिसतं. ‘किती टपोरे डोळे’ असं कौतुक करण्याआधी अशा बाळाला डॉक्टरांना दाखवा.

पहिली पायरी: आपली पाळी कधी ते ठरवा

चाळिशीला एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी, तक्रार असो वा नसो. ती पुढच्या सगळ्या तपासण्यांची मोजपट्टी ठरते. काही धोका नसेल तर त्यानंतर पंचावन्नपर्यंत दर दोन ते चार वर्षांनी, पासष्टपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी.

पण पुढच्यापैकी काही लागू असेल तर चाळिशीची वाट पाहू नका आणि दोन तपासण्यांमधलं अंतर डॉक्टरांनाच ठरवू द्या. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असणं हे त्यातलं सर्वांत वजनदार कारण. मग मोठा मायनस नंबर, ज्यात उघड्या कोनाच्या काचबिंदूचा धोका वाढतो. मोठ्या प्लस नंबरच्या डोळ्यांत कोन अरुंद असण्याची शक्यता जास्त. मधुमेह, डोळ्याला पूर्वी लागलेला जोराचा चेंडू किंवा गुद्दा, आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर.

स्टेरॉइडवर जरा थांबतो. डोळे खाजतात, लाल होतात, कोणीतरी एकदा दिलेले थेंब लगेच आराम देतात, आणि मग तीच बाटली महिनोन्‌महिने आपणच आणून घालत राहतो. त्यात स्टेरॉइड असेल तर काही जणांच्या डोळ्यांचा दाब चढतो आणि डोळा मात्र छान पांढराशुभ्र दिसत राहतो. यात शाळकरी मुलंही सापडतात. पापण्यांवर लावलेली मलमं, दम्याचे पंप आणि गोळ्यांमधल्या स्टेरॉइडनेही हे होऊ शकतं. औषध गरजेचं असेल तर मनाने बंद करू नका, फक्त दाब मोजून घेत राहा. डोळ्यांत घालायचं स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने कधीही नको.

दुसरी पायरी: योग्य ठिकाणी, तयारीने जा

चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. नंबर काढताना समोरची अक्षरं वाचता येतात का एवढंच कळतं, आणि काचबिंदूत ती बराच काळ वाचता येतात. वेळ घेताना स्पष्ट सांगा: ‘काचबिंदूसाठी तपासणी करायची आहे, दाब आणि नस दोन्ही पाहायची आहे.’

सोबत सध्याचा चष्मा, चालू औषधांची यादी (दम्याचा पंप आणि त्वचेची मलमंसुद्धा) आणि डोळ्यांचे जुने कागद न्या. घरात कोणाला काचबिंदू होता का हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. ‘आजोबांना शेवटी दिसत नव्हतं’ एवढीच माहिती मिळाली तरी ती सांगा. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर तेही सांगा, कारण काचबिंदूचे काही थेंब अशा माणसांना चालत नाहीत. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. त्यामुळे गाडी स्वतः चालवत जाऊ नका, काळा चष्मा जवळ ठेवा.

तिसरी पायरी: तपासणीच्या खोलीत काय होतं

दाब मोजणं हे सर्वांना ठाऊक असतं. एक यंत्र डोळ्यावर हवेची फुंकर मारतं. जास्त भरवशाची पद्धत म्हणजे बधिर करणारा थेंब घालून निळ्या उजेडात एक छोटं टोक पारपटलाला टेकवणं. दुखत नाही. श्वास रोखू नका, कॉलर घट्ट असेल तर सैल करा, दोन्हींमुळे आकडा वाढून येऊ शकतो. पारपटलाची जाडीही मोजतात. ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. पारपटल पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं.

मग आरसे असलेलं एक छोटं भिंग डोळ्यावर ठेवून तो कोपरा, म्हणजे कोन, उघडा आहे की अरुंद ते पाहतात. ही तपासणी बाहुली मोठी करण्याआधीच व्हावी लागते. घाईत अनेकदा हीच राहून जाते, म्हणून ‘माझा कोन कसा आहे?’ हे विचाराच.

बाहुली मोठी झाली की डॉक्टर नसेचं तोंड पाहतात. एखाद्या बशीत खोलगट वाटी असावी तसं ते दिसतं. तंतू कमी झाले की वाटी रुंदावते, कडा पातळ होते. स्कॅनमध्ये तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली जाते.

आता फिल्ड टेस्ट, म्हणजे मधलं आणि आजूबाजूचं किती दिसतं याची चाचणी. हिच्याबद्दल लोक जितके घाबरून बोलतात तितकं दुसऱ्या कशाबद्दल नाही. एक डोळा झाकून पांढऱ्या घुमटासमोर बसायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके मंद होत जातात, मग दिसतच नाहीत, आणि आपण नापास होतोय असं वाटू लागतं. तसं नसतं. आपल्याला दिसणारा सर्वांत मंद ठिपका शोधणं हेच यंत्राचं काम असल्याने निरोगी माणसालाही कितीतरी ठिपके दिसत नाहीत. ठिपके शोधायला नजर फिरवू नका, अंदाजाने बटण दाबू नका. पापण्या मिटायच्या असतील तर बटण दाबतानाच मिटा. थकवा आला तर सांगा, चाचणी थांबवता येते. पहिल्या चाचणीचा निकाल बऱ्याचदा कच्चा असतो, म्हणून ती पुन्हा करायला सांगितली तर ‘मुद्दाम करायला लावतात’ असं समजू नका. ते योग्यच करत असतात.

चौथी पायरी: आकड्याला घाबरू नका, आकड्यावर विसंबूही नका

डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. पण २१ ही काही सीमारेषा नव्हे. दाब २४ असूनही नस वर्षानुवर्षं ठणठणीत असलेली माणसं आहेत, आणि दाब १५ असूनही नस झिजत चाललेली माणसंही आहेत. शिवाय दाब दिवसभरात वरखाली होतो. म्हणून नुसतं ‘प्रेशर नॉर्मल आहे’ हे उत्तर पुरेसं धरू नका.

यावरचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. अमेरिकेत १,६३६ लोक घेतले गेले, सगळ्यांचा दाब जास्त पण नस शाबूत. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांना नुसतं तपासत राहिले. २००२ मध्ये पाच वर्षांचा निकाल आला: औषध नसलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे दाब उतरवल्याने धोका निम्म्याहून कमी झाला. आणि औषध न घेतलेल्या दहापैकी नऊ जणांना त्या काळात काही झालंच नाही. त्यामुळे ‘संशयित’ असा शेरा मिळाला आणि डॉक्टरांनी नुसतं दर सहा महिन्यांनी या म्हटलं, तर ते टाळाटाळ करत नाहीत. तुम्ही मात्र त्या तारखा टाळू नका. मी स्वतः या संशयितांच्या यादीत आहे आणि जातो.

निदान झालंच तर विचारायचे प्रश्न तीन: प्रकार कोणता, नसेचं नुकसान किती, आणि माझा दाब किती खाली आणायचा आहे? हा शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. तो वहीत लिहून ठेवा.

पाचवी पायरी: थेंब नीट घालायला शिका

उपचार म्हणजे दाब उतरवणं, आणि बहुतेकांची सुरुवात थेंबांनी होते. नजर वाचण्याचं श्रेय औषधाइतकंच ते घालणाऱ्या हाताला आहे, म्हणून इथे घाई करत नाही.

हात धुवा. मान मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा. खालची पापणी ओढून खिसा करा, वर छताकडे बघा, बाटलीचं टोक डोळ्याला न टेकवता एकच थेंब सोडा. दुसरा थेंब ओघळूनच जातो, कारण त्या खिशात एका थेंबाइतकीही जागा धड नसते. मग डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. याने औषध नाकात आणि घशात उतरत नाही, डोळ्यातच राहतं. घशात कडू चव येत असेल तर कोपरा नीट दाबला जात नाही असं समजा. दुसरी बाटली असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. हात थरथरत असेल तर मनगट कपाळाला टेकवा, किंवा घरच्या माणसाला शिकवा. डॉक्टरांसमोर एकदा घालून दाखवा, यात लाजण्यासारखं काही नाही.

लॅटानोप्रोस्टसारखे थेंब दिवसातून एकदा, बहुधा रात्री घालतात. त्यांनी डोळे थोडे लाल होतात, पापण्यांचे केस लांब होतात, कडांची त्वचा काळवंडते. टिमोलॉलने नाडी मंद होऊ शकते आणि दमेकऱ्याला धाप लागू शकते. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते. काही सोसवत नसेल तर गुपचूप बंद न करता सांगा, पर्याय असतात. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि सांगितलेली मुदत संपली की, बहुतेक थेंबांची ती महिनाभराच्या आसपास असते, औषध उरलं असलं तरी टाकून द्या.

थेंब घालून नजर सुधारल्यासारखं वाटणार नाही. उलट थोडं चुरचुरेल. काही बरं वाटत नाही म्हणून औषध सोडणारे पुष्कळ, आणि मला सर्वांत जास्त हळहळ त्यांचीच वाटते. औषधाचं काम दिसत नाही, कारण ते न गेलेल्या नजरेत असतं.

थेंबांऐवजी जाळीवर लेझर करूनही दाब उतरवता येतो. ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवलं की आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय राहू शकले. हा मार्ग आपल्याला लागू आहे का, हे सुरुवातीलाच विचारायला हरकत नाही. बंद कोनात लेझरने बुबुळाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पाडून पाण्याला वाट करून देतात. एवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रियेने निचऱ्याचा नवा मार्ग काढतात. यातलं काहीही गेलेली नजर परत आणत नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘आधीसारखंच दिसतंय’ हीच चांगली बातमी असते.

रोजच्या जगण्यात

चालणं चांगलं, दाब किंचित उतरतो. शीर्षासनासारखी डोकं खाली करणारी आसनं मात्र सोडा, त्या स्थितीत डोळ्याचा दाब दुपटीच्या आसपास जातो. कोन अरुंद असेल तर सर्दीची आणि ॲलर्जीची औषधं घेण्याआधी विचारा, त्यातली काही बाहुली मोठी करतात. वाचन, मोबाइल, टीव्ही यांनी काचबिंदू वाढत नाही. बाजूचं कमी दिसू लागलं असेल तर जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर उठून दिसणारी पट्टी लावा आणि गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांशी खरं बोला. सगळे स्कॅन आणि फिल्ड टेस्ट तारखेप्रमाणे एका फायलीत ठेवा, कारण डॉक्टर दोन कागदांमधला फरक बघून उपचार ठरवतात.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०२० साली ४० ते ८० वयाच्या सुमारे ७.६ कोटी लोकांना काचबिंदू होता आणि २०४० पर्यंत तो आकडा ११ कोटींच्या पुढे जाईल. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसतं.

म्हणून निदान झालं त्याच संध्याकाळी एक काम करा. सख्ख्या भावंडांना आणि मोठ्या मुलांना कळवा. काय लिहावं सुचत नसेल तर हे घ्या: ‘मला काचबिंदू निघाला आहे. मला काहीच जाणवत नव्हतं. हा रक्ताच्या नात्यात येतो, म्हणून तूही या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या नंबरासाठी नाही, दाब, कोन आणि नस बघायला. तारीख ठरली की मला कळव.’ आठवडाभर उत्तर आलं नाही, तर फोन लावा.